सिमेंटचा खुबा आणि त्यानंतरची वर्षं

खुब्याचा सांधा बदलला असं कळलं की नागपुरात समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग गॅरंटी किती वर्षांची आहे?" भाजीवाला विचारतो, सोसायटीचा वॉचमन विचारतो, ज्यांची नावंही आठवत नाहीत असे नातेवाईक लग्नाच्या पंगतीत विचारतात. माझ्या डाव्या खुब्यात सिमेंट भरून बसवलेला कृत्रिम सांधा आहे. बसवला तेव्हा सत्तरी थोडी लांब होती, आता ऐंशी जवळ आली आहे. तेव्हा या प्रश्नाला उत्तर द्यायचा हक्क मला थोडाफार मिळालाय असं धरायला हरकत नाही. मात्र ते उत्तर एका आकड्यात मावत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या वयाच्या बायकांसाठी लिहिते आणि त्याहून जास्त त्यांच्या मुलांसाठी, कारण बहुतेक घरांत निर्णय शेवटी तेच घेतात.

मी महालातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. निवृत्तीनंतर आम्ही त्रिमूर्तीनगरात राहायला आलो. दुखणं सुरू झालं ते डाव्या गुडघ्यात. तेल, शेक, गुडघ्याचा पट्टा, सगळं यथासांग झालं. गुडघ्याचा एक्स-रे काढला तर वयाला साजेशी झीज, फार काही नाही. तरी पाय ओढत चालणं वाढतच गेलं. मग पायाच्या नखांपर्यंत हात पोचेना, चपलेचा पट्टा लावायला कामवाल्या बाईंना हाक मारावी लागायची, रात्री कूस बदलताना जांघेत कळ यायची. धंतोलीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी टेबलावर झोपवून, गुडघा वाकवून पाय आत फिरवला, तेव्हा मी जी ओरडले ती बाहेर बसलेल्या पेशंटांनीही ऐकली असणार. "काकू, गुडघा बरा आहे. बिघाड वर आहे," ते म्हणाले. खुबा आणि गुडघा या दोन्हींच्या संवेदना नेणाऱ्या नसा काही अंशी एकच असतात, त्यामुळे खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. तुमच्या आईचा गुडघा दुखतोय आणि गुडघ्याचा फोटो मात्र चांगला येतोय, असं असेल तर एकदा दोन्ही खुबे दिसतील असा एक्स-रे काढून घ्या. आमच्या ओळखीत दोघी-तिघींचा इलाज असाच गुडघ्याभोवती फिरत राहिला.

माझ्या एक्स-रेत उजव्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडातली वाटी यांच्यामध्ये काळी फट दिसत होती. ती फट म्हणजे कूर्चा, हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, कारण कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. डावीकडे फट संपलेली, हाड हाडाला टेकलेलं. ऑपरेशन करायचं यावर घरात वाद झाला नाही. वाद झाला तो सिमेंटवरून.

मुलगा हैदराबादला, मुलगी पुण्याला. दोघांनी आपापल्या परीने माहिती काढली होती आणि दोघांचं एकमत होतं की आईला बिनसिमेंटचाच सांधा बसवायचा. ते नवं, सिमेंटचं जुनं. सिमेंट पुढे सैल होतं, आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली तर ते खरवडून काढताना हाडही जातं, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. यातलं दुसरं खोटं नाही. चांगलं बसलेलं सिमेंट काढणं खरोखरच किचकट काम आहे. डॉक्टरांनी दोघांना फोनवर घेतलं आणि आधी माझ्या हाडांची घनता मोजून आणायला सांगितली. टी-स्कोअर उणे अडीचच्या खाली आला. म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ठिसूळ हाडं.

बिनसिमेंटच्या सांध्याचा दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत घट्ट ठोकून बसवतात. त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेला असतो. पुढच्या काही आठवड्यांत हाड त्यात वाढतं आणि दांडा पक्का होतो. तरुण, दणकट हाडात हे छान जमतं. पण पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होतं आणि बायकांची हाडं वेगाने विरळ होत जातात. मांडीच्या हाडाची पोकळी रुंदावते, भिंती पातळ होतात. अशा भिंतीत दांडा ठोकताना चीर जाऊ शकते, कधी टेबलावरच, कधी ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. सिमेंटच्या सांध्याला ही ठोकाठोक लागत नाही. दाराची चौकट भिंतीत बसवताना मधल्या फटीत मसाला भरतात, तसं ते सिमेंट काम करतं. चिकटवणं हा त्याचा गुण नाहीच. ते हाडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, दांड्याभोवती बसतं आणि कडक होऊन जागा धरून ठेवतं.

"तुमचं हाड पकड घेईल याची वाट बघायची, की पकड आपणच तयार करून द्यायची, एवढंच ठरवायचंय," डॉक्टर म्हणाले.

मास्तरीण असल्यामुळे मी त्या सिमेंटच्या मागे लागले. घर बांधायच्या सिमेंटशी त्याचा काही संबंध नाही. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाचं ते ॲक्रिलिक, दातांच्या कवळ्या करतात त्याच कुळातलं. ते खुब्यात रुजवलं इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी, आणि त्यांची हकीकत मला ऑपरेशनच्या भीतीवर फार उपयोगी पडली. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. निसरडं, छान, पेशंट खुशीत. दोन-तीन वर्षांत त्या वाट्या झिजल्या आणि झिजेच्या भुकटीने आजूबाजूचं हाड खराब झालं. चार्नलींनी ते टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन शरीर काय करतं ते बघितलं. मग 1962 साली रायटिंग्टन हॉस्पिटलात पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा मुद्दाम लहान ठेवलेला, 22.225 मिलिमीटर व्यासाचा गोळा, दोन्ही सिमेंटने पक्के, अशी जोडी बसवायला सुरुवात केली. गोळा लहान ठेवला की घर्षणाचा जोर कमी होतो, हा त्यामागचा हिशेब. पेशंटच्या मृत्यूनंतर सांधा तपासायला परत मिळावा, अशी संमतीही ते पेशंटांकडून घेत असत. एवढा हिशेबी माणूस मला आवडला. मुलाच्या 'जुनं' या आक्षेपाचं वजन मग माझ्यापुरतं उलट्या पारड्यात गेलं. जुनं म्हणजे ज्याच्या पेशंटांची तीस-तीस वर्षांची नोंद आहे असं.

पुढे 2014 साली डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन या चार देशांच्या सांधेबदलाच्या नोंदवह्या एकत्र करून साडेतीन लाखांच्या आसपास खुब्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पासष्टीच्या पुढच्या पेशंटांत सिमेंटचे सांधे बिनसिमेंटच्यांपेक्षा जास्त टिकलेले दिसले. मुलाने स्वतःच तो मला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं, नुसता अंगठा.

ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं मी ठरवलं. डॉक्टरांच्या मते मोसमाने फरक पडत नव्हता, पण पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात मांडीला पट्टी, पायांत घट्ट मोजे आणि दुपारी वीज गेलेली, हे चित्र मी नागपूरकर म्हणून बघू शकत होते. त्याआधी दात तपासून घेतले, लघवीची तपासणी झाली, साखर बघितली. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग चालू असताना नवा सांधा बसवत नाहीत, कारण जंतू रक्तातून तिथे पोचून ठाण मांडू शकतात.

मणक्यातून भूल दिली. कमरेखालचं सगळं गेलं, कान मात्र जागे. पडद्यापलीकडे करवत, हातोडी, डॉक्टरांचं कोणाला तरी "थोडा अजून, थोडा अजून" म्हणणं. ज्यांना हे ऐकायचं नाही त्यांना गुंगीचं औषध देतात. मी नको म्हटलं. मग खोलीतला सूर बदलला. डॉक्टर म्हणाले, "सिमेंट," आणि डोक्याशी उभ्या भूलतज्ज्ञ बाईंनी गप्पा बंद करून मॉनिटरकडे बघायला सुरुवात केली. सिस्टर घड्याळ बघून वेळ मोठ्याने सांगू लागल्या. पूड आणि द्रव मिसळल्याचा एक उग्र, दातांच्या दवाखान्यातला वास आला.

या क्षणाची धास्ती खरी आहे, ती लपवू नये. हाडाच्या पोकळीत सिमेंट दाबून भरताना आतल्या मज्जेतली चरबी आणि हवा रक्तात ढकलली जाऊ शकते. त्याने काही जणांचा रक्तदाब आणि ऑक्सिजन एकदम उतरतो. फार क्वचित जिवावर बेततं. हृदय-फुप्फुसाचा आजार असलेल्या वृद्धांत हा धोका जास्त. म्हणून आता पोकळी आधी पाण्याच्या जोराच्या धारेने धुऊन कोरडी करतात, खाली बूच बसवतात आणि सिमेंट बंदुकीसारख्या यंत्रातून तळापासून वर भरत आणतात. माझ्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिकही मिसळलेलं होतं. ते कडक होताना गरम होतं आणि साधारण दहा मिनिटांत दगड होतं. तेवढा वेळ दांडा हलू न देता धरून ठेवायचा. त्या वेळी पलीकडे कोणी बोलत नव्हतं. मग भूलतज्ज्ञ बाई खाली वाकून म्हणाल्या, "आजी, प्रेशर मस्त आहे तुमचं." पंधरा मिनिटांपूर्वी मी काकू होते.

सिमेंटचा सगळ्यात मोठा ताबडतोबीचा फायदा दुसऱ्या दिवशी कळला. फिजिओने वॉकर पुढे ठेवला आणि म्हणाला, "पूर्ण वजन टाका, काही होत नाही." हाड वाढण्याची वाट बघायची नव्हती. जे पक्कं व्हायचं ते टेबलावरच होऊन गेलं होतं. वृद्ध बाईला अंथरुणावर ठेवलं की फुप्फुस, पायातल्या रक्ताच्या गुठळ्या आणि मन, तिन्ही बिघडतात. त्यामुळे ही गोष्ट किती मोलाची ते माझ्या सासूबाईंचं आजारपण काढलेल्या मला सांगायची गरज नव्हती. जांघेतली ती जुनी कळ नव्हतीच. कापल्याचं दुखणं होतं, पण ते वेगळं आणि रोज उतरणारं.

घरचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे मिळतं. कमोडवर उंची वाढवणारी सीट, खुर्चीत जाड उशी, पायांत उशी घालून झोपणं, ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कंबर काटकोनापलीकडे वाकवायची नाही. हे सगळं गोळा वाटीतून निसटू नये म्हणून, आणि पहिले तीन महिने ती भीती सगळ्यात जास्त. रक्त पातळ राहायच्या गोळ्या महिनाभराहून थोड्या जास्त. खाली पडलेली वस्तू उचलायचा लांब चिमटा मुलीने पुण्याहून आणला. एरवी मी अशा वस्तूंना हसते, पण हा चिमटा अजून वापरते. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं मात्र माझ्यासाठी कायमचं संपलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी खुर्चीवर आणि बायका सतरंजीवर, हे पहिल्या वर्षी फार टोचलं. दुसऱ्या वर्षी निम्म्या बायकांनी आपणहून खुर्च्या ओढल्या.

आता त्या गॅरंटीकडे.

पहिल्या वर्षानंतर तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी मला जुना आणि नवा एक्स-रे शेजारी लावून दाखवले. "यात काही दिसत नाही, हेच बघायचं असतं," ते म्हणाले. बघायचं काय, तर सिमेंट आणि हाड यांच्या सीमेवर काळी रेघ उमटते का, उमटली असेल तर गेल्या वेळेपेक्षा रुंद झाली का, दांडा खाली सरकला का, गोळा वाटीत मध्यावर आहे की एका बाजूला चढलाय. गोळा चढला म्हणजे वाटी तिथे झिजली. जुन्या पद्धतीचं पॉलिथिलीन वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं झिजत असे. ऐकायला काहीच नाही. पण ती झीज लाखो सूक्ष्म कणांच्या रूपात पडते, शरीरातल्या पेशी त्या कणांना गिळायला धावतात, आणि त्या गडबडीत सांध्याभोवतीचं हाड विरघळायला लागतं. सांधा सैल होण्याचं हे मोठं कारण. गेल्या पंचवीसेक वर्षांत किरणांचा मारा करून कडक केलेलं पॉलिथिलीन आलं, त्याची झीज फारच कमी असते. माझी वाटी तसली आहे. वाटीच्या मटेरियलबद्दल ऑपरेशनआधी कोणी विचारत नाही. सगळे गोळा सिरॅमिकचा की धातूचा यात अडकलेले असतात.

हाड विरघळू लागलं तरी बराच काळ दुखत नाही, आणि यासाठीच न दुखताही एक्स-रेला जायचं. सैल झालेल्या सांध्याची खूण म्हणजे बसून उठल्यावर पहिल्या चार पावलांना मांडीत किंवा जांघेत दुखणं, मग चालताना कमी होणं. फिल्मचा पहिला गठ्ठा मी प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात आडवा ठेवला आहे. नवे डॉक्टर आले, दवाखाना बदलला, तरी तुलना करायला पहिली फिल्म लागते. मोबाईलमधला फोटो त्या कामाचा नाही.

आकडे विचारणाऱ्यांसाठी आकडेही आहेत. 2019 साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदवह्यांवरून हिशेब मांडला गेला: बदललेल्या खुब्यांपैकी साधारण 89 टक्के पंधरा वर्षं, 70 टक्के वीस वर्षं आणि 58 टक्के पंचवीस वर्षं टिकतात. हा 58 चा आकडा वाचून माझी मैत्रीण घाबरली. मी तिला म्हटलं, अगं, पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेले सांधे पंचवीस वर्षांपूर्वीच्याच बनावटीचे होते, आणि एवढी वर्षं ज्यांच्यात मोजता आली त्यांतले बरेच जण ऑपरेशनच्या वेळी आपल्यापेक्षा तरुण होते. आपल्या कामाचा आकडा त्याच साप्ताहिकातल्या 2017 च्या ब्रिटिश अभ्यासात आहे: सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांत उरलेल्या आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता साधारण पाच टक्के. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलला तर ती कितीतरी पटींनी जास्त. यातला कडू भाग सरळ सांगते. आमच्या वयात सांधा टिकतो याचं एक कारण असं की आम्ही त्याच्याआधी जातो. अमेरिकेतल्या आयोवात एका सर्जनच्या सिमेंटवाल्या खुब्यांचा पस्तीस वर्षं पाठपुरावा केला, त्यातही बहुतेक पेशंट आपल्या मूळ सांध्यासकटच गेले. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. उलट, जिला आता चालता येत नाही तिने 'वीस वर्षांनी काय' म्हणून थांबू नये, एवढा अर्थ मी त्यातून काढते.

मात्र सांधा शाबूत असतानाही पाय जायचा एक मार्ग आहे, आणि या सगळ्या वर्षांत मी त्यालाच जास्त घाबरले. सांधा धातूचा आहे, भोवतीचं हाड माझंच आहे. पडलं की धातूच्या टोकाशी, जिथे कडक भाग संपून ठिसूळ भाग सुरू होतो, तिथे हाड मोडू शकतं. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं असं झालं. त्यांचा बिनसिमेंटचा दांडा छान बसला होता. पुतणीच्या घरी ओट्याजवळ घसरल्या, दांड्याभोवती हाड फुटलं, मग धातूची लांब पट्टी, तारा, आणि कित्येक महिने पलंग. पहिल्या ऑपरेशनपेक्षा हे दुसरं त्यांना दुपटीने जड गेलं.

आमच्या जाऊबाईंची गोष्ट दुसरी. त्या पडल्या आणि मुळातच खुब्याचं हाड मोडलं. त्यांना नुसता गोळा बदलला, तोही सिमेंटने. तेव्हा भाचा म्हणाला, एवढ्या म्हाताऱ्या बाईला सिमेंटची रिस्क काहून घेता? प्रश्न रास्त होता. नेमका हाच प्रश्न घेऊन ब्रिटनमध्ये साठीपुढच्या 1225 पेशंटांवर तुलना झाली आणि 2022 साली निकाल आला: सिमेंटवाल्यांच्या चार महिन्यांनंतरच्या जगण्याचा दर्जा थोडा बरा, आणि सांध्याभोवती हाड मोडण्याचं प्रमाण 0.5 टक्का, बिनसिमेंटवाल्यांत 2.1 टक्के. जाऊबाईंना अर्थातच यातलं काही सांगितलं नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता की पोळ्याला पुरण वाटायला उभं राहता येईल का. राहिल्या उभ्या.

मीही एकदा पडले. एप्रिलमधली दुपार, कूलरची टाकी ओतप्रोत भरलेली, पाणी फरशीवर आलेलं. डाव्याच कुशीवर पडले. एक्स-रे काढेपर्यंत तोंडाला कोरड होती. काही झालं नव्हतं, सिमेंटही जागच्या जागी. पण त्यानंतर घरात बदल झाले ते कायमचे: कूलर खिडकीबाहेर गेला, बाथरूममध्ये दांडे लागले, रात्री जायच्या वाटेवर मंद दिवा आला, आणि पायपुसणी गेली. नागपुरातल्या प्रत्येक घरात उन्हाळ्याचे तीन महिने कूलरभोवती ओल असते. म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने घरातली याहून वाईट जागा मला माहीत नाही. मारबतीची मिरवणूक तेवढी आता टीव्हीवर बघते. त्या गर्दीत धक्का कोणी मुद्दाम मारत नाही, पण बसतोच.

हाडांचा इलाज सांध्याच्या इलाजाइतकाच महत्त्वाचा, आणि दुर्दैवाने ऑपरेशन झालं की तोच विसरला जातो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आहेच. इतकं ऊन असलेल्या शहरात माझं ड जीवनसत्त्व तळाला होतं, कारण उन्हाला भिऊन मी दिवसभर घरातच. त्याशिवाय हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन, वर्षातून एकदा. आधी मूत्रपिंडाची तपासणी आणि दातांचं काम उरकून घ्यायचं. पहिल्या वर्षी रात्री ताप आला, अंग ठेचून निघालं, दोन दिवसांत गेलं; पुढच्या वेळी तेवढंही नाही. काही वर्षांनी डॉक्टरांनी ते थांबवलं, कारण फार लांबवलं तर क्वचित मांडीचं हाडच वेगळ्या तऱ्हेने तडकतं. म्हणजे औषधालाही मुदत असते, मनाने चालू ठेवायचं नाही.

बाकी तक्रारी किरकोळ. डावा पाय जरासा लांब झाला, उजव्या चपलेत पातळ गादी टाकली. थंडीत सकाळी मांडी आखडते. मेट्रोच्या तपासणीत यंत्र वाजतं आणि मी दर वेळी पूर्ण हकीकत सांगायला लागते, एकदा तिथली मुलगी म्हणाली, "आजी, रोज दहा जण वाजतात, जा तुम्ही." लघवीची जळजळ किंवा पायाला जखम झाली तर मात्र मी घरगुती उपायांत दिवस घालवत नाही, कारण जंतू रक्तातून सांध्यापर्यंत कित्येक वर्षांनीही पोचू शकतात. आणि मिळालं काय? रात्रीची झोप. मला विचाराल तर चालण्याच्याही आधी ती. ऑपरेशनआधीच्या शेवटच्या वर्षात मी सलग झोपल्याचं मला आठवत नाही.

गेल्या पावसाळ्यापासून उजवी जांघ दुखायला लागली आहे. एक्स-रेत त्या बाजूची काळी फट आता अर्धी उरली आहे. मुलगी रोबोटने करतात त्याची चौकशी करून राहिली, मुलगा या वेळी गप्प आहे. डॉक्टर म्हणाले, अजून थांबता येईल, पण हाडं आणि हृदय बरं आहे तोवर ठरवलेलं बरं. या वेळी मी स्वतःच विचारलं की दांडा सिमेंटने आणि वाटी बिनसिमेंटची, असं केलं तर? ते हसले, म्हणाले, तसं हल्ली पुष्कळ करतात, तुमच्या वाटीकडचं हाड कसं आहे ते सीटी स्कॅनमध्ये बघून सांगतो. स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे.